डाव्या हाताची रेखणी

सगळ्यांची दिवाळी आश्विनात येते, आमची भाद्रपदात येऊन जाते. तुम्ही हा अंक हातात घ्याल तेव्हा आमच्या कारखान्यातले साचे धुऊन उन्हात पडलेले असतील आणि आम्ही रंगकाम करणाऱ्या बाया नखांतला सोनेरी रंग कोरत बसलेल्या असू. तो फराळ करायच्या वेळेपर्यंत काही केल्या निघत नाही. माझ्या करंज्यांना मुकुटाची चमक येते, असं आमचे हे म्हणतात. खाताना मात्र मागे राहत नाहीत.

मी गणपतीचे डोळे रंगवते. जुन्नरहून ओतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला बबनरावांचा मूर्तींचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, बाजूंनी पोत्यांचे पडदे आणि आत फळ्यांवर ओळीने बसलेले गणपती. संक्रांत झाली की माती मळायला सुरुवात होते. साच्यातून मूर्ती निघते, वाळते, घासून गुळगुळीत होते. मग पांढऱ्या रंगाचा एक हात, अंगाचा रंग, पीतांबर, शेला, दागिने. हे सगळं पाच-सहा जण वाटून घेतात. डोळे मात्र एकच माणूस करतो आणि सगळ्यात शेवटी करतो. या कामाला रेखणी म्हणतात. ती होईपर्यंत मूर्तीला आमच्यात कुणी देव म्हणत नाही, माल म्हणतात. ‘तो माल उन्हातनं उचला रे’ असं बिनधास्त ओरडतात. डोळे झाले की तेच गडी मूर्तीकडे पाठ करून बसायला कचरतात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, डोळा काढणं अवघड. एक डोळा काढणं मुळीच अवघड नाही. अवघड असतो तो दुसरा. पहिला कसाही निघाला तरी त्याला जाब विचारणारं कुणी नसतं. दुसऱ्याला मात्र हुबेहूब पहिल्यासारखं व्हावं लागतं, नाहीतर देव चकणा दिसतो. आधी पांढरं भरायचं, कोपऱ्याला किंचित गुलाबी, मग बुबुळ, पापणीची रेघ, भुवई आणि शेवटी बुबुळात बारीकसा पांढरा ठिपका. तो दोन्हीकडे एकाच बाजूला पडला पाहिजे. तो पडला की मूर्ती तुमच्याकडे बघायला लागते.

चित्रकला मी कुठे शिकले नाही. लग्न होऊन इकडे आले आणि हंगामात पीतांबर भरायला जाऊ लागले. एका वर्षी रेखणी करणारे गृहस्थ ऐन गर्दीत भांडून निघून गेले. बबनराव डोक्याला हात लावून बसले. मी म्हटलं, “मी बघू का करून?” ते म्हणाले, “बघा वहिनी. नाय तर बिनडोळ्यांचंच विकावं लागतील.” एवढ्याशा समारंभावर मी कलावंत झाले.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येतात. आळेफाट्याच्या एका हॉटेलवाल्यांना गणपतीची नजर दरवाजाकडे हवी असायची, गिऱ्हाईक आत ओढायला. मी म्हटलं, अहो, मूर्तीच जरा फिरवून ठेवा की. ते त्यांना पटायचं नाही. नजरच तिरकी पाहिजे. एक तरुण मुलगा मोबाइलमध्ये मालिकेतला बालगणेश दाखवायचा आणि ‘सेम असाच’ म्हणायचा. त्या गणपतीचे डोळे निळे होते. मी त्याला शांतपणे विचारलं, “तुमच्या घरात कुणाचे निळे आहेत का?” तेव्हापासून तो काळ्यावर खूश आहे.

आणि बेल्ह्याच्या पारूआजी. त्यांच्या घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या बाजारात. जनावराचा जबडा उघडून दात बघितल्याशिवाय ही मंडळी कासऱ्याला हात लावत नाहीत. आजी तशाच देवाचे डोळे बघायला येतात, असं आम्ही सगळे समजायचो. चतुर्थीच्या दोन दिवस आधी नातवाच्या टेम्पोतून उतरायच्या, सोबत स्वतःचा पाट. माझ्यासमोर पाट टाकून बसायच्या आणि त्यांच्या मूर्तीची रेखणी त्यांच्यादेखतच व्हायला हवी असायची. मधे कुणी बोललेलं चालायचं नाही. गड्यांनी रेडिओ लावला तर “बंद कर ते बोंबलनं” म्हणायच्या. ठिपका पडला की “बरं झालंय” म्हणून उठायच्या. त्यांच्या त्या ‘बरं झालंय’ला मी परीक्षेच्या निकालासारखी घाबरायचे. बाकी शेकडो मूर्ती एकीकडे आणि आजींची एक एकीकडे.

मग ते सगळं थांबलं. थंडीचे दिवस होते, सकाळी चुलीपुढे बाजरीची भाकरी थापत होते. भाकरी फिरेना. मला वाटलं, पीठ सैल झालं. बघते तर पीठ नीट होतं, उजवा हातच परातीत नुसता पडला होता. आमच्याकडे याला अंगावरून वारं गेलं म्हणतात. ह्यांनी आळेफाट्याचं टायरचं दुकान तसंच उघडं टाकलं आणि गाडीत घालून मला मंचरला नेलं, तिथून पुण्याला. जीभ थोडे दिवस जड होती. ती सुटली, आणि सासूबाईंच्या मते आधीपेक्षा जरा जास्तच सुटली. पाय आला, थोडा ओढत का होईना. उजवा हात आला नाही. डॉक्टर म्हणाले, ताट धरण्यापुरता येईल, बारीक काम विसरा.

माझं वय पन्नाशीला टेकलेलं. मुलगी सासरी गेलेली, मुलगा नोकरीला. घरचे म्हणाले, आता आराम कर, खूप केलंस. ते प्रेमानंच म्हणत होते, पण मला त्या शब्दाचा संताप यायचा. मी बारीक कामाशिवाय दुसरं काही केलंच नव्हतं. पुन्हा डोळे काढता येणार की नाही, एवढा एकच प्रश्न माझ्यापुढे होता आणि तो विचारायचं धाडस होत नव्हतं.

त्यात एक गोष्ट नव्यानं कळली. आपले जुने डोळे समोर ठेवून गिरवावेत म्हणून मी घरात शोधायला लागले, तर एकही जोडी नाही. चित्रकाराची चित्रं भिंतीवर राहतात. माझं सगळं काम दरवर्षी कुकडी नाहीतर मीना नदीच्या पाण्यात जातं, आणि जायलाच हवं, त्यासाठीच ते केलेलं असतं. तोवर मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. उलट ‘पुढच्या वर्षी’ हा शब्द ऐकला की बरं वाटायचं, म्हणजे काम आहे. आता पुढचं वर्ष नव्हतं आणि मागचं सगळं विरघळून गेलेलं. त्या दिवशी मी खूप रडले. ते काही छान, समंजस रडणं नव्हतं. भांडी आपटत रडले, तीही डाव्या हातानं, त्यामुळे नीट आपटतासुद्धा येईनात.

मंचरच्या दवाखान्यात व्यायाम करून घेणारी एक डॉक्टर होती, माझ्या मुलीपेक्षाही लहान. तिनं टेबलावर मधोमध एक आरसा उभा केला. माझा उजवा हात आरशामागे ठेवला, डावा आरशासमोर, आणि म्हणाली, “काकू, आता फक्त आरशात बघायचं आणि मूठ उघडझाप करायची.” मी बघितलं. आरशात डावा हात उजव्यासारखा दिसतो, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. इतके महिने मेलेला माझा उजवा हात तिथं छान मूठ उघडत होता, मिटत होता. ती पोर म्हणाली, मेंदूला जरा फसवायचं असतं. मेंदूचं माहीत नाही, पण मी फसले, आणि आनंदानं फसले. घरी आल्यावर ह्यांना कपाटाचा आरसा काढायला लावला, टेबलावर उभा केला, डाव्या हातात ब्रश धरला. आरशात माझा उजवा हात डोळा काढत होता. डोळा भयंकर निघाला, पण काढणारा हात ओळखीचा होता.

मग सराव. कागदावर सराव करून भागत नाही, कारण मूर्तीचा गाल गोल असतो. ह्यांनी कुंभारवाड्यातून पोतंभर बोळकी आणली, संक्रांतीची उरलेली. ती पालथी घातली की गालासारखीच लागतात. प्रत्येक बोळक्यावर मी डोळ्यांची एक जोडी काढायची आणि ओसरीवर वाळत ठेवायची. महिन्याभरात ओसरी भरली. दूधवाला फाटकातूनच हाक मारायला लागला. हे एकदा वैतागून म्हणाले, “अगं, एवढी मंडळी टक लावून बघत असताना माणसानं बिडी कशी ओढायची?” त्यांनी बिडी सोडली नाही, पण ओढायला गोठ्यामागे जायला लागले.

डावा हात म्हणजे आपल्या घरातली धाकटी जाऊ. जन्मभर तिनं धरायचं, मोठीनं करायचं. परात हा धरणार, भाकरी तो थापणार. मूर्ती हा धरणार, ब्रश तो चालवणार. त्याला एकदम घर सांभाळ म्हटल्यावर तो बावरणारच. उजव्या हाताची सगळी शिस्त उलटी करावी लागली. पूर्वी मी माझ्या डावीकडचा डोळा आधी काढायचे. आता तसं केलं की हातच त्या डोळ्यावर येतो आणि दुसरा काढताना पहिला दिसत नाही. म्हणून उजवीकडून सुरुवात. पूर्वी रेघ ओढायचे, आता ती ढकलली जायची. या वयात पुन्हा बिगरीत बसण्याची लाज वाटली का? सुरुवातीला वाटली. मग एक दिवस लक्षात आलं, की एवढी वर्षं मी डोळे काढत होते ते न बघताच, सवयीनं. आता पहिल्यांदा प्रत्येक रेघ बघून काढत होते. हे सुख मला उजव्या हातानं शेवटच्या काही वर्षांत दिलं नव्हतं.

पहिलं खरं काम आणलं ते सोनवणेकाकांनी. काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आमच्याच गावातले. त्यांच्या आजोबांच्या वेळी घर बौद्ध झालं. विहारातल्या बुद्धमूर्तीचा रंग उडाला होता आणि चेहरा पुन्हा करायचा होता. मी म्हटलं, “काका, माझा उजवा हात गेलाय.”

“मग डाव्यानं करा की.”

“डाव्यानं केलेलं चालेल का तुमच्यात?”

“ताई, मी जलमभर गाड्यांची चाकं खोलली. नट कुठल्या हातानं फिरवला ते गाडीला कदी कळलं नाय. घट्ट बसला का, एवढंच तिला कळतं.”

मूर्ती त्यांनी घरी आणून ठेवली. गणपतीचे डोळे टक्क उघडे असतात, ते समोरच्याला बघतात. हे डोळे खाली झुकलेले. बुबुळ जवळजवळ नाहीच, ठिपका नाही. पापणीची एक लांब, शांत रेघ, आणि तशीच दुसरी. ठिपक्याचा धाक नव्हता, आणि काकांचा तगादाही नव्हता. मी आठवडा लावला. रोज सकाळी नुसती बघत बसायचे, मग एक दिवस रेघ ओढली. ओढली म्हणजे ओढलीच, ढकलली नाही. काका बघायला आले, चप्पल काढून खाली बसले. जाताना म्हणाले, “लई दिसांनी बसल्यासारखं वाटलं.” त्या माणसाचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. इथं लिहून ठेवते.

गणपतीचा हंगाम आला. बबनराव घरी आले, चहा घेतला, पावसाचं बोलले, टोमॅटोचं बोलले. मग म्हणाले, “वहिनी, कारखान्यात या. पीतांबर भरायला तुमच्यासारखं कोण हाय?”

“आणि रेखणी?”

ते कप बशीत ठेवत म्हणाले, “रेखणीला माणूस सांगितलाय नगरकडचा. तुमी राग मानू नका. मंडळाची पोरं ऑर्डर द्यायला आली व्हती, त्यांना कुठनं तरी कळलं. म्हणली, डाव्या हातानं देवाचं डोळं? नको राव. मी काय बोलणार? धंदा हाय.”

मला वाईट वाटलं, पण बबनरावांचा राग आला नाही. मीही तशीच वाढलेय. मी डाव्या हातानं प्रसाद घेतला म्हणून आमच्या आईनं मला धपाटा घातलेला आहे. आमचे हे मात्र तावातावानं म्हणाले, “का हो बबनराव, घरात डाव्या सोंडेचाच गणपती लागतो ना सगळ्यांना? उजव्या सोंडेचा कडक असतो म्हणून तुमीच सांगता. देवाची सोंड डावी चालती आन्‌ हिचा हात चालत नाय व्हय?” बबनराव हसले आणि दुसरा चहा घेतला.

मी गेले. जिथून सुरुवात केली होती त्याच फळीवर बसून पीतांबर भरायला लागले, डाव्या हातानं. नगरचा माणूस भला होता आणि हातही चांगला होता त्याचा. तो माझ्यासमोर डोळे काढायचा आणि मी पिवळा रंग भरायचे. हे लिहायला सोपं आहे.

आज काय चाललंय ते इथंच सांगून टाकते, म्हणजे शेवट पारूआजींना देता येईल, त्यांना विचारूनच. आज मी पुन्हा रेखणी करते. सगळी नाही. मंडळाच्या मोठ्या मूर्ती नगरचाच माणूस करतो, काही घरांची माणसं अजून ‘उजव्या हाताचीच द्या’ म्हणतात आणि बबनराव त्यांना ती देतात. डाव्या हाताचे डोळे आधीच्यापेक्षा वेगळे निघतात, किंचित खाली झुकलेले. एका घरच्या सुनबाई म्हणाल्या, आमचा बाप्पा आधी बघायचा, आता ऐकतो. मला ते आवडलं. उजव्या हाताची ती टवटवीत, टक्क नजर आता कधी येणार नाही, आणि त्याचं दुःख आहेच. ते नाही म्हणून खोटं कशाला बोलू? पण पन्नाशीत माणसाला दुसरा हात मिळतो, हे किती जणींच्या वाट्याला येतं?

तर त्या पहिल्या वर्षी, चतुर्थीच्या दोन दिवस आधी, आजींचा टेम्पो आला. मागे बैलांचा वास, पुढे आजी, काखेत पाट. त्यांना काही माहीत नव्हतं. बबनराव लगबगीनं पुढे झाले. “आजी, यंदा रेखणीला नवा माणूस हाय, लई चांगला. बसा त्याच्यासमोर.”

“आन्‌ ती कुठं हाय?”

“त्या पीतांबर भरत्यात यंदा.”

“मंग मूर्ती तिच्याकडं दे.”

मी ‘या आजी’ म्हटलं, त्या आवाजाच्या रोखानं आजी आल्या आणि पाट टाकून बसल्या. मूर्ती माझ्यापुढे आली. गड्यांनी रेडिओ बंद केला. नगरच्या माणसानंही ब्रश खाली ठेवला. मी ठरवलं, लपवायचं नाही. म्हटलं, “आजी, माझ्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला. डोळे काढायचे तर डाव्यानं काढावे लागतील. तुम्हाला चालत नसेल तर मी रागावणार नाही.”

आजींनी हात पुढे केला, चाचपत माझा डावा हात शोधला, तो आपल्या दोन्ही हातांत घेतला. मग वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलल्या.

“एक सांगू का? कुणाला सांगू नगंस. मला दिसत न्हाई.”

मला कळेना.

“दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. लई वर्सं झाली. पोरं आपरेशन कर म्हनत्याल म्हनून बोलले न्हाई, मला भ्या वाटतं. देवाचं डोळं मला कवा दिसलंच न्हाईत, बाय. हात कुठला त्योबी दिसला न्हाई.”

“मग आजी, तुम्ही इतका वेळ बसून बघायचात काय?”

“तुला. तुझं खांदं तेवढं दिसायचं, धुक्यात दिसावं तसं. रेघ वडताना तू दम धरायचीस, खांदं वर जाऊन थांबायचं. तवा मीबी दम धरायचे तुझ्यासंगं. तू सोडलास की मी सोडायचे. मला कळायचं, आला देव.” हात सोडून त्या पाटावर ताठ बसल्या. “दम धरता येतो न्हवं अजून? मंग धर.”

मी दम धरते हे मला तोवर माहीत नव्हतं. ब्रश डाव्या हातात घेतला, उजवीकडून सुरुवात केली. पांढरं, गुलाबी, बुबुळ. रेघ ओढायला घेतली आणि समोरून आजींचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. पहिला डोळा झाला, दुसरा झाला. ठिपका टेकवला, एक, आणि दुसरा. मी श्वास सोडला आणि पलीकडून त्यांनी सोडला.

“आला,” आजी म्हणाल्या, आणि मूर्ती कुठे आहे ते चाचपून त्यांनी हात जोडले.